टॅमसिनचा खडक

फॉय बंदरातला कप्तान पास्को ट्रेवेना दर्यावर वाघ होता, पण थापा मारण्यात त्याचा हात कुणी धरला नसता! समुद्रापलीकडच्या नव्या मुलुखातला मासा तो चर्चएवढा सांगायचा. दुसऱ्या पेल्यानंतर घंटेसकट.

तिसऱ्या सफरीहून परतला तेव्हा बायको टॅमसिन अंगणात तारली मासे खारवत बसली होती. त्यानं ऐटीत नकाशा पसरला. किनारा यानंच शोधलेला, म्हणून नावंही यानंच ठेवलेली. टॅमसिनला अक्षर येत नव्हतं.

"वाचा," ती म्हणाली.

"ही खाडी, गलबत देणाऱ्या उमरावाची. हे भूशिर त्याच्या बायकोचं. आणि ही तीन बेटं..." पास्को चाचरला. "त्याच्या कुत्र्यांची."

"अगं बाई, कुत्र्यांची! आणि सतरा वर्षं तुमची वाट बघतेय ती?"

पास्कोनं एका ठिपक्यावर बोट ठेवलं. "हा टॅमसिनचा खडक."

"मेल्या, कुत्र्याला बेट आणि मला धोंडा?"

"अगं, ऐक तरी! वादळात त्या खाडीत गलबत रुतलं, भूशिरापाशी सुकाणू मोडलं. या खडकाच्या आडोशाला तीन दिवस काढले, म्हणून अठराजण जिवंत आलो. तेव्हा तूच आठवलीस. विचार खलाशांना!"

"ते तुमचेच चेले! आत्ता रचलीत ही थाप." तिनं खारट हात नकाशालाच पुसले आणि त्याला उपाशी निजवलं.

पुढे पास्को तापानं घरातच वारला. शेवटपर्यंत तिनं त्या खडकाचं नाव काढू दिलं नाही.

म्हातारी टॅमसिन धक्क्यावर केशर घातलेले पाव विकायची. एकदा ब्रिस्टलचं गलबत पाणी भरायला थांबलं. पाव खाता खाता एक खलाशी सोबत्याला म्हणाला, "टॅमसिन नसती तर बुडालोच होतो."

"कोण रे टॅमसिन?" तिनं विचारलं.

"खडक आहे, आजी, पलीकडच्या मुलुखात. तिथल्या उमरावाच्या खाडीला कुत्रं विचारत नाही. पण वारा फिरला की जो तो ओरडतो, 'टॅमसिन गाठा!' तिच्या आडोशाला शिरलं की माणूस घरी पोचतो. नाव कुणी ठेवलं देव जाणे. बायको मात्र खंबीर असणार त्याची."

टॅमसिन मटकन टोपलीवरच बसली. पाव चेपले. तिला हसू आवरेना, आणि डोळ्यांतलं पाणीही.

"जन्मात एकदा खरं बोलला मेला," ती म्हणाली, "आणि त्याच दिवशी मी त्याला जेवायला वाढलं नाही."