आईची ड्युटी

किस्से गोळा करायला आमच्या तुरुंगाच्या वसाहतीत वेगळं काही करावं लागत नाही. जिन्यावर गप्प बसलं की ते आपोआप साठत जातात. मी दहावीत आहे आणि फारशी बोलत नाही, त्यामुळे मी तिथे आहे हे मोठी माणसं विसरतात. माझी आई महिला कारागृहात शिपाई आहे. शेजारची सुनंदामावशीसुद्धा. दोघी ट्रेनिंगपासूनच्या मैत्रिणी. आमच्या दोन घरांत डबे इतके इकडून तिकडे जायचे, की कुठलं झाकण कुणाचं हे कुणालाच सांगता येत नसे.

*

गेटवर आत जाणाऱ्या प्रत्येकाची झडती होते, स्टाफचीसुद्धा. नव्या अधीक्षक मॅडम पहिल्या दिवशी आल्या तेव्हा गेटवर आई होती.

"मॅडम, हात वर," आई म्हणाली.

मॅडमनी तिच्याकडे बघितलं आणि हात वर केले. खिशात मोबाईल निघाला. आईने तो लॉकरमध्ये ठेवून त्यांना टोकन दिलं.

"मॅडम टोकनकडे बघत होत्या, आणि मी मनातल्या मनात हिच्या बदलीच्या बॅगा भरत होते," असं सुनंदामावशी सांगायची.

मला वर्गात उत्तर येत असूनही हात वर करवत नाही; माझ्या आईने अधीक्षकांना हात वर करायला लावले!

*

एकदा मी आईला विचारलं, तुझ्या बराकीतल्या बायकांनी नक्की काय काय केलंय? ती मेथी निवडत होती.

"ते कोर्ट विचारतं," ती म्हणाली. "मी जेवलीस का, एवढंच विचारते."

*

सुटून गेलेल्या एका बाईचा भाऊ कसबा पेठेतून आंबा बर्फीचा बॉक्स घेऊन थेट घरी आला. आईने त्याला चहा दिला आणि बॉक्स परत दिला. अहो ताई, बहीण सुटली, आता कसली लाच, असं तो कळवळून म्हणाला.

"बाकीच्या अजून आत आहेत," आई म्हणाली. "त्यांच्या भावांकडे बर्फी नाही."

तो गेल्यावर सुनंदामावशीने माझा चेहरा बघितला. "हिच्या घरात राहायचं म्हणजे कायमचा उपास गं," ती म्हणाली.

*

पुढचा किस्सा जिन्यावर कुणी सांगत नाही.

मागच्या वर्षी एक कैदी मुलगी उलट बोलली आणि सुनंदामावशीने तिच्या कानाखाली मारली. मुलीचा कान सुजला. घाबरून तिने न्हाणीत पडले असं सांगितलं, आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पण आई तिथेच होती.

संध्याकाळी मावशी आमच्या स्वयंपाकघरात आली. तिची ती सलग दुसरी ड्युटी होती, डोकं ठिकाणावर नव्हतं, हे तिने आईला परत परत सांगितलं.

"तू बघितलं नाहीस म्हण. एवढंच."

"बघितलंय ना पण," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आईने ऑफिसात जबाब दिला. मावशी निलंबित झाली. डबे थांबले. आई जिन्यावर आली की बायकांना एकदम आपापले कुकर आठवत. आई तरी रोज येऊन बसायची.

ती तुझी मैत्रीण होती ना, असं मी एकदा विचारलं.

"आहे," आई म्हणाली.

*

मावशी कामावर परतली, पण आईशी बोलली नाही. मग गेल्या महिन्यात वाघोलीला राहणाऱ्या तिच्या धाकट्या बहिणीला सासरच्या एका प्रकरणात अटक झाली. कोठडी मिळाली ती इथेच. मावशीची सख्खी बहीण, म्हणून त्या बराकीत मावशीला ड्युटी मिळणार नव्हती.

त्या संध्याकाळी बेल वाजली. मी दार उघडलं. मावशी आत आली नाही. आई हात पुसत बाहेर आली, आणि दोघी वर्षभरानंतर समोरासमोर उभ्या राहिल्या.

"तिच्या बराकीत कुणाची ड्युटी आहे?" मावशीने विचारलं.

"माझी."

"तुझी?"

"माझी."

मावशी उंबऱ्यावरच खाली बसली.

"मग आज झोप लागेल मला," ती म्हणाली.