भीमाबाईंचं अडकलेलं पत्र

शनिवारी संध्याकाळी महामायाचं खातं बंद झालं. 'तपासणी सुरू आहे' एवढी एक ओळ पडद्यावर आली. चार वर्षांची पत्रं, साडेचौदाशे वाचक आणि उद्याचं भीमाबाईंवरचं पत्र, सगळं त्या ओळीच्या पलीकडं राहिलं.

महामाया नांदेडच्या एका कॉलेजात ग्रंथालय सांभाळायची आणि दर रविवारी एक पत्र लिहायची. गेलेल्या माणसांवर, ज्यांच्यासाठी पेपरात चौकटसुद्धा येत नाही अशांवर. आधी ती पेपरालाच लिहायची. पण तिथं 'जरा आटोपशीर करू' म्हणत वस्तीचं नाव गळायचं, राबवून घेणाऱ्या मालकाचं नाव गळायचं. उरायचा तो कुणाचाही मजकूर. मग धाकट्या भावानं, आनंदराजनं, तिला न्यूजलेटरचं खातं काढून दिलं. कात्री लावणारं कुणी नाही, पत्र थेट वाचकाच्या ईमेलात. दुबईत गवंडीकाम करणारी लातूरची पोरंही वाचायला लागली.

भीमाबाई रेणापूरच्या सुईण. उद्या त्यांचं पुण्यानुमोदन, गेलेल्या माणसासाठीचा बौद्ध विधी. मुलगा अश्वजित फोनवर म्हणाला होता, "ताई, तुमचं पत्रच वाचून दाखवू. आईवर दुसरं कोण लिहिणार?"

"दुसरीकडं उतरवून ठेवलंस ना?" आनंदराजनं विचारलं.

"मी तिथंच लिहिते. सरळ."

"अन् वाचकांचे पत्ते?"

तिनं पडद्यावरची ती ओळ पुन्हा उघडून पाहिली.

"यादी काढून घे, यादी काढून घे, किती बोंबललो अक्का! दोन बटनं दाबायची होती."

"तूच म्हणालास ना, आता कुणाच्या दारात उभं राहायला नको?"

"संपादकाच्या म्हणालो होतो. हेबी दारच हाय. फक्त आत माणूस न्हाई, म्हणून भांडता येत न्हाई."

डाळ निवडत बसलेल्या आईनं, पारूबाईंनी, मान वर केली. "तुह्या आज्याला पत्ते कुणी लिहून दिलते गं?"

आजा मयताचा सांगावा घेऊन गावोगाव पायी जायचा. जातीवर लादलेलं काम, बदल्यात शिळी भाकर. धम्म घेतला त्या दिवशी त्यानं हातातली काठी टाकली. घरात हा विषय कुणी काढत नसे.

"त्याचं नको काढूस, माय," महामाया म्हणाली.

"काढते. गुलामीच व्हती, टाकली ते लई बरं केलं. पर मी लगीन होऊन आले तव्हाबी बावीस गावची दारं त्याला तोंडपाठ व्हती. कुठं आधी पाणी मागायचं, कुठं उभ्यानंच सांगायचं, समदं. तू साडेचौदाशे दारांत जाऊन राहिलीस, अन् एक घर ठाऊक न्हाई तुला."

सकाळच्या एसटीनं महामाया रेणापूरला गेली. मांडवात अश्वजितनं माइक पुढं केला. "पत्र, ताई?"

"न्हाई आणलं. अडकलं."

तिनं सुरुवात केली आणि लगेच अडखळली. पत्रातली सुबक वाक्यं एकही आठवेनात. मग ती साधंच बोलली. भीमाबाई ज्या घरी बाळंतपण करायच्या, तिथून निघताना त्यांना मागच्या दारानं जावं लागे; आणि तरी मध्यरात्री हाक आली की पहिल्या त्याच निघत.

मागून एक म्हातारी उठली. "मी तिच्याच हातची हाय."

"मपली दोन्ही लेकरंबी!" दुसरी ओरडली.

"ह्यो बोडकाबी तिचाच," कुणीतरी शेजाऱ्याच्या टकलावर हात ठेवला. मांडव हसला, आणि हसता हसता अश्वजितनं तोंडाला रुमाल लावला.

ती नावं पत्रात नव्हती. महामायानं ती एकेक विचारून वहीत लिहून घेतली.

खातं नवव्या दिवशी उघडलं. का बंद होतं, का उघडलं, कुणी सांगितलं नाही.

"सोडायचं का आता हे?" आनंदराज.

"सोडून कुठं जाऊ? परत पेपरात? पत्र इथूनच जाईल. राहणार मात्र माझ्या घरी."

तिनं आधी यादी उतरवून घेतली. भीमाबाईंचं पत्र वहीत नव्यानं लिहिलं, म्हातारीसकट, टकलासकट, आणि मगच पाठवलं. शेवटी दोन ओळी जोडल्या: 'तुमचं नाव आणि गाव मला कळवा. उद्या हा रस्ता बंद झाला, तर दुसऱ्या रस्त्यानं यायला.'

साडेचौदाशेतून दोनशे सहा जणांनी कळवलं. बाकीचे कोण, ते महामायाला अजून ठाऊक नाही.

पारूबाई भिंतीला टेकून बसल्या. "वाच. कुठकुठले हायत?"

महामायानं वही उघडली. "किल्लारी," ती म्हणाली, "सत्यम. आई-वडील न्हाईत. पत्र मामीला वाचून दाखवतो."

"हाव," पारूबाई म्हणाल्या, "पुढचं घर?"