शांतवनराव वादक होते

मयताचे नाव: शांतवन याकोब भालेराव, वादक, राहणार नगर. मृत्यू: गेल्या ज्येष्ठात, भर दुपारी, राहत्या घरी, हृदयक्रिया बंद पडून. तक्रारदार: मी, विठ्ठल केशव ढोले, अर्जनवीस, बैठक कचेरीच्या आवारात. साक्षीदार: मयताची पत्नी रूथबाई, आणि मिरजगावच्या जत्रेतील सर्व जनता. तक्रारीचे कारण: शहरातील एका संगीत मंडळाने शोकसभेच्या ठरावात मयताचा उल्लेख ‘ध्वनिक्षेपक व्यावसायिक’ असा केला. मंडळाचे नाव सभ्यतेखातर लिहीत नाही.

बातमी आली तेव्हा मी एका वारसनोंदीच्या अर्जात गुंतलो होतो. चहावाला म्हणाला, “विजेची पेटीवाले गेले.” मी लेखणी खाली ठेवली... त्या दिवशी ती पुन्हा उचलली नाही. आमचा स्नेह अर्जामुळेच जुळला होता. शांतवनरावांच्या पेटीला विजेची तार आणि बाजूला कर्णा, म्हणून कचेरीतील कारकून तिला वाद्य मानत नसे. प्रत्येक कार्यक्रमास ध्वनिक्षेपकाचा परवाना मागे. मी अर्जात ‘वाद्य’ लिहावे, त्याने ते खोडून ‘ध्वनिक्षेपक’ लिहावे, असे कित्येक वर्षे चालले. माझे शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. परंतु माझ्या हातचा मजकूर खोडण्याचे धाडस तालुक्यात दुसऱ्या कोणी केलेले नाही. अखेरीस शांतवनरावच म्हणाले, “नाना, खोडलेल्या कागदावर मी यापुढे सही करणार नाही. वाद्य म्हणून परवानगी देतील तेव्हाच नगरात वाजवीन.” ते बोलले तसे वागले. शहरातील लग्नकार्ये हातची गेली, पण सही केली नाही.

तरुणपणी ते देवळात, म्हणजे त्यांच्या चर्चमध्ये, पायपेटी वाजवीत. पुढे लष्करी छावणीच्या लिलावात साहेबांच्या क्लबातील मुकी पडलेली विजेची पेटी त्यांना मिळाली. ती उघडून, रेडिओचे सुटे भाग घालून त्यांनी तिला बोलती केली, आणि तेव्हापासून या माणसाला दुसरे व्यसन उरले नाही. मुंबईच्या एका सिनेमावादकाने टाकून दिलेली दुसरी आली. स्वदेशी परतणाऱ्या एका पाद्र्याची तिसरी. रूथवहिनींचा पलंग ओसरीवर गेला आणि खोली पेट्यांची झाली. शेवटी बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने विलायतेहून पट्ट्यांचे, खटक्यांचे आणि तारांचे एक यंत्र आणले, त्यास सिंथेसायझर म्हणतात. मी विचारले, “याच्यात आणि आमच्या भजनाच्या पेटीत फरक काय?” ते म्हणाले, “तुमच्या पेटीत सूर आधीच बसलेला असतो, नाना. भाता हलवला की तो उठतो. याच्यात कोणीच बसलेलं नाही. सूर आपण घडवायचा... आणि घडला नाही तर दोष कोणाला देता येत नाही.”

मिरजगावच्या जत्रेत जे घडले ते मी स्वतः पाहिले. टेम्पोवर ट्रकच्या बॅटऱ्या ठेवून शांतवनरावांनी ते यंत्र आणि कर्णा मांडला. भोवती गर्दी जमली. तोच हवालदार आला.

“परवाना?”

“वाद्याला कर्ण्याचा परवाना लागत नाही.”

“हे वाद्य? भाता कुठं हाय ह्याला?”

एक म्हातारी म्हणाली, “व्हय की. भाता न्हाई तर ही पेटी दम कुठनं घेतीया?”

लोक हसले. हवालदारास जोर चढला. “त्यो कर्णा काढा, आन् मग वाजवा काय वाजवायचं त्ये.”

शांतवनराव शांतपणे उठले. कर्ण्याची तार सोडून त्यांनी तो हवालदाराच्या बुटांपाशी ठेवला, जागेवर बसले आणि वाजवू लागले. डोळे मिटलेले, मान डोलते आहे, बोटे पट्ट्यांवर धावताहेत... आणि आवाज शून्य. प्रथम लोक खिदळले. मग हळूहळू गप्प झाले. एवढ्या मोठ्या जत्रेत पाळण्याची करकर तेवढी ऐकू येत होती.

“अवो, वाजवा की!” हवालदार म्हणाला.

“वाजवतोच आहे, हवालदारसाहेब. तुमच्या पायाशी ठेवलाय तो माझ्या वाद्याचा गळा आहे.”

मागून एक शेतकरी ओरडला, “हवालदार, सोडा की गळा त्याचा! लई झालं!”

हवालदाराने इकडेतिकडे पाहिले, कर्णा स्वतः उचलून टेम्पोवर ठेवला, आणि नंतर पुढच्या रांगेत बसून शेवटपर्यंत ऐकले. सबब, जे एका हवालदारास एका संध्याकाळी समजले ते मंडळास एवढ्या वर्षांत समजले नाही, हे मला नमूद करणे भाग आहे.

शोकसभेत ठराव वाचला जाताच मी उभा राहिलो. अध्यक्ष म्हणाले, “ढोले, तुम्हांला संगीतातलं काय कळतं?” मी म्हणालो, “काहीच नाही. परंतु मेलेल्या माणसाचा व्यवसाय चुकीचा लिहिला तर तो दुरुस्त करायला उठून येत नाही, एवढे कळते.” मला खाली बसण्यास सांगण्यात आले. मी बसलो नाही. सभा माझ्याभोवतीच संपली.

पुढच्याच आठवड्यात एक मांडववाला रूथवहिनींकडे आला. पेट्या नकोत, कर्णे तेवढे द्या, म्हणाला. ठरावातला शब्द त्याच्याही कानी गेला होता. वहिनींनी त्याला दारातच विचारले, “तुमच्या घरी कुणी वारलं तर जीभ तेवढी काढून देता का, दादा?” तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या, “भावजी, माणूस गेलं ते गेलं. पण यांनी काय केलं जन्मभर, ते तरी नीट लिहा कुणीतरी.” एवढे बोलून त्यांनी खोलीत जाऊन सिंथेसायझरवरचे फडके काढले. चर्चमधील एक गीत त्या वाजवू लागल्या. दोन ठिकाणी अडखळल्या... आणि पुढे गेल्या.

तरी मंडळास विनंती की, ठरावातील ‘ध्वनिक्षेपक व्यावसायिक’ हे शब्द रद्द करून तेथे ‘वादक’ असे लिहावे, आणि तसे लेखी उत्तर रूथबाईंच्या पत्त्यावर पाठवावे. येत्या रविवारी सायंकाळी त्या घरासमोरच्या अंगणात, कर्ण्यासह, वाजवणार आहेत. परवान्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडे मागितलेला नाही, आणि मागितला असता तरी मी तो लिहिला नसता. ज्यांची हरकत असेल त्यांनी समक्ष यावे, अंगणात सतरंजीवर बसावे, आधी ऐकावे, आणि मग ती हरकत सर्वांसमक्ष मोठ्याने सांगावी.