टोपलीत पिकलेली केळी

आमच्या आणि खालाच्या घराची भिंत एकच होती. धाराशिवातून बेंबळीच्या वाटेला लागण्याआधी जी गल्ली लागते, तिथं दारातच तिची चूल आणि चुलीवर काळी कढई. खाला मुसलमान, विधवा, एकटी. माझी कुणी नात्यातली नव्हे, पण सगळी गल्ली तिला खालाच, म्हणजे मावशीच, म्हणायची. कच्च्या केळ्यांचे तिखट काप तळून विकायचे, एवढाच तिचा संसार.

केळी बेंबळीच्या मळ्यांतून यायची, हिरवीगार, दगडासारखी टणक. खाला आधी हातांना तेल चोळायची, नाहीतर चिकानं बोटं काळी पडतात. विळीवर सालं काढून तिरके काप करायचे आणि लगेच हळद-मिठाच्या ताकात टाकायचे. निथळले की वाटलेला लसूण, लाल तिखट, ओवा आणि धन्याची भरड चोळायची. करडईचं तेल धूर येईपर्यंत तापवून त्यात ती चिंचेचा गोळा सोडायची, म्हणजे तेलाचा उग्रपणा जातो. काप तेलात पडले की शाळेतून येणारी पोरं आपोआप पाय उचलायची.

"खाला, काप एवढे पातळ? पलीकडचा माणूस दिसतोय की!" एखादं गिऱ्हाईक म्हणायचं.

"दिसतोय न्हवं? मग सलाम कर त्याला. फुकटात वळख झाली."

आई मला ते काप खाऊ द्यायची, पण उंबऱ्याबाहेर. खालाच्या हातचं तळलेलं घरात आणायचं नाही. खालाला हे माहीत होतं. "ये बेटी, तुझा पाट मांडलाय," असं म्हणून ती चुलीजवळची वीट पुढं सरकवायची. मी त्या विटेवर बसून मोठी झाले. माणूस माणसासारखाच, असं सांगणारी पत्रकंही मी तिथंच बसून वाचली, आणि आमच्या उंबऱ्याबद्दल आईशी एका शब्दानं भांडले नाही.

सरकारविरुद्धची ती पत्रकं माझा दादा आणायचा. हद्दीपलीकडच्या बार्शीहून, सदऱ्याच्या आत लपवून. राज्य मुसलमान राजाचं, शाळेत सगळं उर्दूत, त्यामुळं मराठी लिहायला-वाचायला मी पत्रकांवरच शिकले. 'जुलूम' आणि 'धिक्कार' हे शब्द मला 'कमळ' आणि 'बदक' यांच्या आधी लिहिता आले. माझं अक्षर चांगलं, म्हणून नकला करायचं काम माझ्याकडं आलं. ते राज्य जुलमीच होतं. हे मी आजही तितक्याच ठामपणे म्हणते.

राज्य जाण्याआधीच्या उन्हाळ्यात एक पत्रक आलं. जुलमी सरकारला साथ देणाऱ्यांकडून काही विकत घेऊ नका, एवढंच त्यात होतं. मला ते मिळमिळीत वाटलं. नक्कल करताना मी मनानं एक वाक्य घातलं: 'त्यांच्या धर्माचा तेलवाला असो की तळणवाला, कुणाच्या दारी पाऊल टाकू नका.'

वाक्याला ताल होता. दादा वाचून म्हणाला, "झकास! तुझ्या बोरूत दारूगोळा आहे गं." मला आभाळ ठेंगणं झालं. पुढच्या प्रत्येक नकलेत मी ते वाक्य घातलं. तळणवाला म्हणजे कोण, हा विचार मनात आला नाही. आमच्या भागात तळण विकणारं मुसलमान माणूस एकच होतं.

गिऱ्हाईक एकदम थांबलं नाही. आधी सराफकट्ट्यावरचे लोक यायचे थांबले, मग पोरं. खाला चूल पेटवायची, तेल तापवायची, वाट बघायची आणि तेल पुन्हा गाडग्यात ओतून ठेवायची. टोपलीतली हिरवी केळी पिवळी पडू लागली. पिकलेलं केळं कापासाठी मातीमोल. ते तेलात विरघळतं.

एक दिवस ती टोपली घेऊन आमच्या दारात आली. "वैनी, ही पिकली. आता तळता येत न्हाईत. शिकरण करा लेकरांस्नी."

आईनं टोपली आत घेतली. फळाला विटाळ नव्हता. त्या दिवशी शिकरणाची वाटी माझ्यासमोर आली. मी ती संपवली.

दोन-चार दिवसांनी खालानं मला हाक मारली. तिच्या हातात कागद होता, माझ्या अक्षरातला. कुणीतरी तिच्या भिंतीवर चिकटवला होता आणि काप बांधायला होईल म्हणून तिनं तो पाणी लावून अलगद सोडवला होता.

"काय लिवलंय गं? अक्षर लई देखणं हाय."

"देवाचं आहे, खाला," मी म्हणाले.

"तोबा, तोबा! आन् म्या ह्याच्यात तळण बांधणार व्हते!" तिनं कागद डोळ्यांना लावला, पदरानं पुसला आणि आतल्या कोनाड्यात अत्तराच्या कुपीशेजारी उभा ठेवला. "तुमचा काय, आमचा काय, देवाचा कागद. घरात बरकत येईल."

त्यानंतर मी रोज ठरवायची की आज सांगते. विटेवर जाऊन बसायची. चूल थंड असायची. खाला म्हणायची, "काप न्हाईत आज, नुसतं बस." मी नुसती बसायची.

मग हद्दीपलीकडून सैन्य आलं, राज्य गेलं. आम्ही रस्त्यावर गुलाल उधळला. त्याच दिवसांत आसपासच्या गावांतून मुसलमानांची घरं जळाल्याच्या, माणसं मारल्याच्या बातम्या येऊ लागल्या. आम्ही हे मागितलं नव्हतं, असं दादा सारखा म्हणत राहिला. मी काय मागितलं होतं, ते खालाच्या कोनाड्यात होतं.

तिचा भाऊ गुलबर्ग्याहून बैलगाडी घेऊन आला. भर दुपारी दोन गाठोडी गाडीत चढली. खालानं कढई आईपुढं धरली. "वैनी, जड हाय, गाडीत मावत न्हाय. बाहेरच ठेवा वाटलं तर."

आईनं दोन्ही हातांनी कढई घेतली, उंबरा ओलांडला आणि ती आत आमच्या चुलीजवळ ठेवली. बाहेर येऊन ती खालाच्या गळ्यात पडली.

मग खाला माझ्याकडं वळली आणि घडी केलेला कागद माझ्या हातात दिला. "वाटंत कुणाच्या पायाखाली आला तर गुनाह लागंल. तू सांभाळ. आन् ज्यानं लिवलंय तो कधी भेटला तर माझा सलाम सांग. हात चांगला हाय त्याचा."

"खाला, तो कागद..." मी म्हणाले.

"रडू नगं बेटी. येते की परत."

बैल चालू लागले. गाडी वळणावर दिसेनाशी होईपर्यंत वेळ होता. तेवढ्या वेळात तीन शब्द ओरडून सांगता आले असते. मी सांगितले नाहीत.

ती परत आलेली नाही. कढई आमच्या चुलीवर असते. आई त्यात काप तळते, तेलात चिंचेचा गोळा सोडते, आणि आम्ही ते आत बसून खातो. मला दोनांच्या वर घशाखाली उतरत नाहीत.

ते वाक्य मी लिहिलं होतं. हे मी आज इथं लिहिते आहे. खालाला मराठी वाचता येत नाही. गुलबर्ग्यात हे कुणी तिला वाचून दाखवलंच, तर त्यानं तरी जे लिहिलंय तेच वाचावं.