आभाळ आलं!

हसायचं असेल तर चहाचा कप आधी खाली ठेवा. मागच्या खेपेला हे ऐकताना एका मैत्रिणीचा चहा नाकातून बाहेर आला होता, आणि डाग पडला माझ्या दुपट्ट्यावर!

माझ्या ताईला कॅनडात मुलगी झाली आणि तिनं नाव ठेवलं स्काय. झालं! आमच्या जबलपूरच्या घरात बैठक बसली.

"स्काय म्हणजे आकाश," बाबा म्हणाले. ते फॅक्टरीतून रिटायर झालेले, त्यांना प्रत्येक गोष्ट तपासून घ्यायची सवय. "पण आकाश तर मुलाचं नाव!"

"मग गगन?" मी विचारलं.

"गगन शेजारच्या शुक्ला आंटीचा मुलगा आहे."

"ते काही नाही," आई म्हणाली. "माझी नात म्हणजे माझं आभाळ."

त्या दिवसापासून फोनवर एकच: आभाळ जेवलं का? आभाळाला दात आले का?

आता मराठीची गंमत बघा. बाळही 'आलं' आणि आभाळही 'आलं'. ढग जमले की 'आभाळ आलं' म्हणतात, हे मला माहीत आहे हो! पण माझं सगळं शिक्षण हिंदी-इंग्रजीत. घाईत मराठी दगा देते. आणि मी कायम घाईत! कुकरची शिट्टी झाली तरी दचकते.

तर, जानेवारीत ताई बाळाला घेऊन येणार होती. बाबा डुमना विमानतळावर गेले होते. आईनं जुन्या मऊ साड्यांची गोधडी शिवली होती आणि तिचा हट्ट एकच: नातीनं या घरातली पहिली झोप त्याच गोधडीत घ्यायची. गोधडी धुऊन गच्चीवर वाळत टाकली होती. आईचा खांदा आखडलेला, त्यामुळे उंच दोरीवरून ती काढायचं काम माझं.

मी खाली पाळण्याला झिरमिळ्या लावत होते. तेवढ्यात वरून आई ओरडली, "अगं, आभाळ आलं!"

मी स्टुलावरून पडता पडता वाचले. "आत्ता? इतक्या लवकर?"

"मग काय, तुला विचारून येईल? पाटणकडून आलं!"

विमानतळ एका टोकाला, पाटण गाव दुसऱ्या टोकाला! बाबा रस्ता चुकले की काय?

"पाटणकडून काहून?"

"मला काय माहीत काहून! केवढं काळंकुट्ट आहे गं!"

"आई! असं काय बोलून राहिली? कसंही असलं तरी आपलंच आहे ना!"

"आपलं कसलं? अख्ख्या जबलपूरवर आलं! गुरगुरून राहिलं बघ! लवकर ये, नाहीतर सगळं भिजलंच म्हणून समज!"

भिजलं? अरे देवा, डायपर!

एका हातात डायपर, दुसऱ्या हातात दृष्ट काढायला भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन मी फाटकाकडे धावले. फाटकात कोणीच नाही. शेजारच्या ओट्यावर शुक्ला आंटी आपल्या दोन मैत्रिणींसोबत मटार सोलत होत्या.

"क्या हुआ बेटा?"

"आंटी, स्काय आ गई!"

"अरे वाह! कहाँ है?"

आई गच्चीवरून बोलते आहे, म्हणजे बाळ तिच्याचजवळ असणार. मी बोट दाखवलं. "ऊपर!"

तिघींनी माना वर केल्या. बराच वेळ बघितलं. मग आंटी अगदी हळू, पेशंटशी बोलावं तशा म्हणाल्या, "हाँ बेटा. ऊपर तो है। हमेशा से है।"

तेवढ्यात माझ्या नाकावर पहिला थेंब पडला. मग दुसरा. मग सगळेच!

आई जिन्यावरून उतरली ती निथळत, खांद्यावर ओलीचिंब गोधडी. कशी ओढून काढली तिलाच माहीत. माझ्या हातातल्या भाकरतुकड्याकडे बघून म्हणाली, "कोणाची दृष्ट काढून राहिली? ढगाची?"

मी भाकरतुकडा दुपट्ट्याआड सरकवला. बाळ यायला अजून वेळ होता. मी म्हटलं, "आई, तू काही काळजी करू नको. मी इस्त्रीनं वाळवते."

इथेच कोणीतरी मला थांबवायला हवं होतं.

वाळतही आली होती हो! फक्त मधला भाग राहिला होता. तेवढ्यात फोन वाजला, मी दचकले आणि इस्त्री तिथेच सोडून पळाले. बाबा म्हणाले, "उतरले सगळे!" मी आनंदानं ओरडले. मग वास आला.

गोधडीच्या मधोमध भोक! आई थेट माझ्या कपाटाकडे गेली. मी खास त्या दिवसासाठी आणलेला, कोरा, आकाशी रंगाचा कुर्ता तिनं काढला आणि कात्री मागितली. मी दिली.

संध्याकाळी बाळ त्या गोधडीत गाढ झोपलं. ताई तर हरखलीच. "आई, स्कायसाठी मधोमध स्काय ब्लू! कल्पना कोणाची?"

"हिची," आई म्हणाली. माझ्याकडे न बघता.

लोक म्हणतात, आभाळच फाटलं तर ठिगळ कुठं कुठं लावणार? आम्ही एकाच ठिकाणी लावलं. इस्त्रीच्या आकाराचं आहे. आणि त्या दिवसाच्या सगळ्या फोटोंत नटलेल्या घरच्यांच्या मधे बाबांचा जुना स्वेटर घालून जी उभी आहे ना, ती मोलकरीण नाही हो, मावशी आहे बाळाची!