काकांचा खांब आणि काकूंची मिरची

नवी वस्तू चालू करण्यापेक्षा जुनी वस्तू कशी चालत होती हे शोधण्यातच ज्याचा जन्म जावा, असा माणूस नागपुरात एकच आहे आणि तो नंदनवनात माझ्या कंपाउंडच्या भिंतीपलीकडे राहतो. पुरावा देतो. गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता, भंगारवाला, मी आणि स्वतः काका अशा तिघांच्या देखत, काकांनी साडेसहा हजार रुपये देऊन रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याचा एक बिडाचा खांब विकत घेतला. उंची नऊ फूट चार इंच, वजन एकशे अठरा किलो. काकूंनी त्यांना आणायला सांगितला होता तो अंगणात लावायचा एक बल्ब.

बल्बाचं कारण साधं होतं. काकूंचं माहेर मिरचीसाठी नावाजलेल्या भिवापूरचं. अंगणात त्यांचा मिरचीचा एक वाफा आहे, झाडं अठरा. हे बी त्यांच्या आईच्या हातचं. आई गेली, भावानं शेत विकून पुण्याला घर केलं, आणि ते बी फक्त या वाफ्यात उरलं. दर हंगामात लाल झालेल्या मिरच्यांतलं बी काढायचं आणि पुढच्या जूनमध्ये सगळं पेरून टाकायचं, अशी त्यांची रीत. "एक साल चुकलं का संपलं," असं त्या सगळ्यांना सांगत. स्वयंपाक आटोपून वाफ्यात जायला त्यांना सांज होते आणि दसऱ्यानंतर सहालाच अंधारून येतं. म्हणून बल्ब.

काका खापरखेड्याच्या वीज केंद्रातून चौतीस वर्षं नोकरी करून निवृत्त झाले. त्यामुळे वीज त्यांना घरातल्या माणसासारखी. तिचं कौतुक नाही, पण तिच्याबद्दल कुणी चुकीचं बोललेलं खपत नाही. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जेवणाच्या पंगतीतून ते नाहीसे झाले आणि मांडवामागे बाह्या सरसावून जनरेटरवाल्याशी हुज्जत घालताना सापडले. मुलाकडच्या एका गृहस्थांनी मला हळूच विचारलं, "हे तुमच्याकडचे की आमच्याकडचे?" मी म्हणालो, "जनरेटरकडचे." त्या दिवशी जनरेटर एकदाही बंद पडला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

तर खांब आला आणि अभ्यास सुरू झाला. भंगारवाला म्हणाला होता की माल कलकत्त्याचा आहे. काकांनी बुडाचा रंग खरवडून पाहिला. तिथे 'सात' एवढाच आकडा निघाला. सात म्हणजे सातवा खांब, की सातव्या गल्लीतला, की ओतणाऱ्याचा नंबर, यावर त्यांनी तीन आठवडे घालवले. मग खांबाच्या माथ्यावरच्या कंदिलाच्या खाली दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या दोन आडव्या दांड्या. शोभेच्या आहेत, असं मी म्हणालो. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी वायर पाण्यात टाकली.

"शोभेसाठी कोणी एवढं जाड बीड ओतते का गा? याचा काही ना काही कामधंदा हायेच."

त्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी भिंतीवरून पाहिलं, तर खांब आंब्याला दोरखंडानं बांधून उभा, एका दांडीला शिडी टेकवलेली आणि शिडीवर सहासष्ट वर्षांचे काका. "समजलं! दिवा लावणारा रोज येऊन इथं शिडी टेकवे!" ते ओरडले. काकू ओट्यावरून म्हणाल्या, "अन् रोज लावून घरी जाये. तुमच्यासारखा टांगून नसे राहत."

काकांची एक प्रतिज्ञा होती. खांबाला एकही नवं भोक पाडायचं नाही. ज्या नळीतून गॅस चढायचा, त्याच नळीतून वायर चढली पाहिजे. पण वर कंदिलापाशी नळीला बाक होता. सुतळी अडकली, तार अडकली. शेवटी काकांनी जुन्या सायकलची चेन सुतळीला बांधून वरून सोडली. चेन जड आणि लवचीक, बाकातून घरंगळत खालून खळकन बाहेर आली. त्या क्षणी काकांचा चेहरा मी पाहिला आहे. नातू झाला तेव्हाही तो इतका उजळला नव्हता, आणि हे मत काकूंचं आहे.

पुढे प्रकाशाचा प्रश्न. मी दिलेला पांढरा एलईडी त्यांनी दोन मिनिटांत काढून परत दिला. "हे काय ऑपरेशन थेटर हाय?" गॅसचा उजेड नेमका कसा होता हे कळावं म्हणून त्यांनी मंडपवाल्याकडून एक जुनी गॅसबत्ती आणली, पंप मारून पेटवली आणि तिच्या शेजारी एकामागून एक सात बल्ब धरून पाहिले. पाचवा, किंचित पिवळसर, पसंत पडला. मी हिशेबी माणूस. मी त्यांना सांगितलं की आतापर्यंत सहा महिने झाले आणि वायरमननं हे काम अर्ध्या तासात केलं असतं. काकू म्हणाल्या, "चौतीस साल यायनं साऱ्या दुनियेले लाईट देली. घरच्या मिरचीचाच नंबर लागून नाही राहिला!"

नवरात्राच्या आधी खांब वाफ्याच्या कडेला उभा राहिला. लोखंडी खांब म्हटल्यावर अर्थिंग आलंच. "तुही काकू ओल्या हातानं धरन अन् जाईन लटकून! अर्थिंगमधी मी कोनाचं ऐकत नसतो." वायर आखूड हवी म्हणून खड्डा खांबालगतच, वाफ्यापासून दीड फुटावर. त्यात जुन्या पद्धतीप्रमाणे दोन पोती कोळसा आणि वीस किलो खडे मीठ. अर्थिंग ओलं राहावं म्हणून रोज सकाळी दोन बादल्या पाणी. एकही दिवस चुकला नाही.

दसऱ्याला संध्याकाळी दिवा लागला. सोनेरी, शांत उजेड. आम्ही चौघंही, म्हणजे काका, काकू, माझी बायको आणि मी, माना वर करून पाहत राहिलो. मग काकू वाफ्यावर वाकल्या. "अहो, पानं पिवळी काहून दिसून राहिली?"

"तो बल्बाचा रंग हाय वं! गॅसचा उजेड असाच असते," काका अभिमानानं म्हणाले.

सकाळी उन्हातही पानं पिवळीच होती. कडा करपल्या होत्या. काकूंनी मुळाशी बोट खुपसलं, चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि थुंकली. "खारट हाय," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. काकांनी त्याच दिवशी खड्डा उपसला, फाटकापाशी नवा खणला आणि वायर अकरा मीटर लांबवली. मला दाखवायला नाही, की समजावायला नाही. आठवड्याभरात अठराही झाडं गेली. एकही मिरची लाल झाली नव्हती. एक हिरवी, तेवढी चांगली होती. ती रुमालात गुंडाळून, सोबत व्हर्निअर कॅलिपर घेऊन काका स्कूटरवर भिवापूरला गेले. तिथे त्यांनी घरोघर मिरच्या मोजल्या, देठ तपासले, अकरा ठिकाणी चावूनही पाहिल्या. संध्याकाळपर्यंत तिखटानं त्यांचा आवाज बसला.

अखेर सासुरवाडीच्या जुन्या गल्लीत एका म्हातारीनं रुमालातली मिरची पाहिली. काकांनी मला तिचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. "हे त तुह्या सासूनंच देल्लं बी हाय मले. दर साली लावतो मी." परसातल्या गाडग्यात गेल्या हंगामातल्या वाळलेल्या मिरच्या होत्या. काकांनी पाचशेची नोट काढली.

"ठेव तुह्या खिशात. पोरगी कुठी हाय? माय गेल्यापासून इकडं पाय नाही तिचा. तिले आन, मंग बी नेजो."

काका रात्री माझ्या दारात उभे राहिले. आवाज बसलेला. "रविवारी तुही गाडी पाहिजे होती गा. कशासाठी, ते तिले सांगू नको."

रविवारी आम्ही तिघं गेलो. गल्लीच्या तोंडाशी काकूंनी मला गाडी थांबवायला सांगितली. पाच मिनिटं त्या पदर सारखा करत राहिल्या. मग उतरल्या. म्हातारीला आता कमी दिसतं. तिनं काकूंचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला आणि म्हणाली, "केवढी वाळली वं तू." एकसष्ट वर्षांच्या काकू तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरीसारख्या रडल्या. काका दाराबाहेर माझ्याजवळ उभे होते.

नऊ वाळलेल्या मिरच्या मिळाल्या. किंमत ठरली होती तीच आणि तेवढीच, एक पोरगी, समक्ष, त्या म्हातारीच्या हाती पोचती केली.