काचेच्या बशीवरचा अंगठा

सकाळी कामाला लागण्याआधी माझे वयस्क सहकारी काचेच्या बशीतल्या जेलीसारख्या अगारवर उजवा अंगठा हलकेच टेकवायचे आणि म्हणायचे, "बगू, आज कोन आलाय सोबत."

नावड्याच्या पुढे एका कारखान्याच्या आवारात आमची प्रयोगशाळा होती. ऐंशीच्या दशकाची सुरुवात. अडुळसा, करंज, कुडा यांच्या अर्कात कागदाच्या चकत्या भिजवून त्या जंतू किंवा बुरशी पेरलेल्या बशीत ठेवायच्या. अर्क लागू पडला की चकतीभोवती स्वच्छ कडं दिसे. अर्क ते काढत, कडं मी मोजे. ते मूळचे शिरवण्याचे; शेती गेल्यावर इथे लागले.

त्यांच्या बशीत दुसऱ्या दिवशी अंगठ्यावरच्या जंतूंचे पांढरे-पिवळे ठिपके उगवत. त्यांना ते पाहुणे म्हणत. तिथे असता तर तुम्हीही हसला असता.

सहाव्या वर्षी बशी कोरी निघाली. मग रोजच. मी एका बशीच्या तळाला बाहेरून शाईची रेघ मारली. एका बाजूला त्यांचा अंगठा, दुसऱ्या बाजूला माझा. माझी बाजू भरली, त्यांची कोरी. साबण बदलला, आठ दिवस रजा झाली, तरी तेच. आमचे साहेब गमतीने म्हणाले, अर्क कशाला, आता तुमचीच चकती कापायची. ते हसले नाहीत.

घरी विरजण तेच लावत. आता दही लागेनासं झालं होतं. नातू दीड महिन्याचा झाला, तरी त्यांनी त्याला हात लावला नव्हता. सुनेला वाटे, सासऱ्यांना नात हवी होती.

"माज्या हाताव काय जगत नाय," एकदा ते म्हणाले. "पोराला घेऊ का नको, तू सांग."

मी म्हणालो, त्याला घ्या, मग त्याचाही अंगठा बशीत टेकवा. ठिपके उगवले तर तुमचा हात त्याला बाधत नाही.

शनिवारी त्यांनी घरी नेलेली बशी परत आणली. रेघेच्या एका बाजूला त्यांचा अंगठा, दुसरीकडे तासभर मांडीवर घेतलेल्या नातवाचा. स्वतःच ती इन्क्युबेटरमध्ये ठेवली. "सोमवारी बगू."

रविवारी दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

सोमवारी बशी मी पाहिली. त्यांची बाजू कोरी, नातवाची ठिपक्यांनी गच्च भरली होती. रजिस्टरमध्ये लिहिलं: वाढ आहे.

बशी टाकवली नाही. फळीवर राहिली. पावसाळ्यात त्या खोलीत चपलांनाही बुरशी यायची. बशीतही आली, नातवाच्या बाजूने काळी पसरत गेली. रेघ काचेवर, बाहेरून होती. आत अगार सलग. बुरशी रेघेपर्यंत आली आणि थांबली.